सहामाहीनंतरचा आढावा: मुलाची वाढ आणि त्याच्या भोवतीची माणसं

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जून संपत आला की उघडतात. मग पोळा, गणपती, नवरात्र, दसरा, आणि प्रथम सत्र संपता संपता दिवाळी येऊन उभी राहते. सुट्टीनंतर शाळा सुरू होते तेव्हा अर्धं वर्ष सरलेलं असतं, संकलित मूल्यमापनाचे गुण हातात आलेले असतात आणि नागपूरची थंडी हळूहळू अंगात यायला लागलेली असते. मुलाकडे निवांत बघायला वर्षात यापेक्षा चांगली वेळ सापडत नाही. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन, स्नेहसंमेलन आणि लग्नं, फेब्रुवारीत परीक्षांची घाई, मार्चपासून ऊन. म्हणजे मुलांना मोकळेपणानं बाहेर सोडता येईल असे महिने उरतात चार.

आपल्या बहुतेक घरांत सहामाहीचा आढावा दोन प्रश्नांत संपतो. "किती पडले?" आणि "वर्गात पहिला कोण?" त्यातून फार थोडं कळतं. मूल उंचीनं वाढतं, वाचनानं वाढतं, झोपेनं आणि मित्रांनी वाढतं. यातलं बरंच काही एकट्या आईबापाच्या हातातही नसतं. म्हणून खालचा आढावा दोन गोष्टींचा आहे: मूल स्वतः, आणि त्याच्या भोवती असलेली मोठी माणसं. दुसऱ्या गोष्टीकडे आपण सहसा फिरकत नाही. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. पहिली ते आठवीच्या मुलांच्या पालकांना हे जास्त कामाचं.

हाताशी काय घ्यायचं

एक साधी शंभर पानी वही, लोखंडी मेजरिंग टेप (शिवणकामाची कापडी टेप ताणली जाते), वजनकाटा, प्रगतिपुस्तक आणि मुलाच्या जुलैपासूनच्या सगळ्या वह्या. शाळेत आरोग्य तपासणी झाली असेल तर त्याचा कागद. वेळ दोन बैठकांचा ठेवा. पहिली मुलाला सोबत घेऊन, दुसरी तो खेळायला गेल्यावर. "आज तुझा आढावा आहे" असं मात्र जाहीर करू नका. मूल तेवढ्यानंच आक्रसून बसतं.

उंची मोजणं

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारायची पद्धत छान आहे, पण ती रेघ बहुतेक वेळा चुकते. पोरगं टाचा उचलतं, हनुवटी वर करतं, आणि आपण डोक्यावर पट्टी तिरकी धरतो. एवढ्यानं दीड-दोन सेंटिमीटरचा घोळ होतो, आणि सहा महिन्यांत वाढ होते तीच मुळी अडीच-तीन सेंटिमीटर.

पद्धत अशी. खाली गालिचा किंवा सतरंजी नसलेली सपाट फरशी, मागे स्कर्टिंगची पट्टी पुढे न आलेली भिंत. बूट-मोजे काढा, मुलीची वेणी-बुचडा सोडा. टाचा, ढुंगण, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला लागलेली असावी. (गुबगुबीत मुलांचं डोकं भिंतीला टेकत नाही, तिथे ओढाताण करू नका.) नजर समोर, कानाचं छिद्र आणि डोळ्याची खालची कड एका आडव्या रेषेत. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घ्या, त्याची एक बाजू भिंतीला पूर्ण चिकटवून वरून खाली सरकवा, केस दाबले जातील इतकं. पुस्तकाच्या खालच्या कडेला खूण करा आणि फरशीपासून टेप लावा. हे तीनदा करा, तिन्ही आकडे लिहा, मधला धरा. सकाळी उठल्यावर उंची संध्याकाळपेक्षा जवळजवळ एक सेंटिमीटर जास्त भरते, म्हणून वेळही लिहून ठेवा. पुढच्या वेळी तीच भिंत आणि तीच वेळ.

आता आकडा वाचायचा कसा? साधारण सहा ते दहा वर्षांपर्यंत मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, वजन दोन-तीन किलोंनी वाढतं. वयात येताना हा वेग एकदम चढतो. मुलींचा आधी, मुलांचा दोनेक वर्षांनी मागून. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गाच्या फोटोत मुली उंच आणि मुलगे टिल्लू दिसतात, त्यात काळजीचं काही नाही. पाचव्या वर्षानंतर, वयात येण्याआधीच्या काळात, वर्षाची वाढ चार सेंटिमीटरच्या खाली राहिली तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सहा महिन्यांच्या एकाच आकड्यावरून घाबरू नका, कारण वाढ दर महिन्याला सारखी होत नसते. जूनमधला आकडा नसेल तर शाळेच्या तपासणीचा कागद शोधा. तोही नसेल तर आजपासून सुरुवात.

"याची उंची कितीक होईल?" हा प्रश्न प्रत्येक आजीला पडतो. त्याचा एक ढोबळ हिशेब आहे. आईबाबांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा. मुलगा असेल तर १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि दोननं भागा. बाबा १७०, आई १५५ असेल तर मुलासाठी १६९, मुलीसाठी १५६. त्याच्या सात-आठ सेंटिमीटर इकडेतिकडे. उंची वाढवणाऱ्या पावडरींनी हा हिशेब बदलत नाही, पैसे वाचवा.

डॉक्टरांकडे गेलात तर वाढीचा तक्ता मागा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी २०१५ मध्ये भारतीय तक्ते काढलेत. त्यावर तुमच्या मुलाचे ठिपके जोडले की रेघ दिसते. एकटा ठिपका कुठे आहे यापेक्षा रेघ आपल्या वाटेनं चालली आहे की खाली घसरते आहे, ते बघायचं. शेजारच्या मुलाच्या ठिपक्याशी आपल्याला घेणंदेणं नाही.

वजन, रक्त, डोळे

वजन सकाळी, कमी कपड्यांत, दर वेळी एकाच काट्यावर. वाढीच्या वयात वजन कमी होणं सामान्य नाही, मग मूल कितीही "चपळ" असो. उलट बाजूही बघा. मानेची मागची बाजू काळपट, मखमलीसारखी जाडसर दिसत असेल तर आपण तिला मळ समजून घासत बसतो. वजन जास्त असलेल्या मुलांत ती शरीरातल्या इन्सुलिनच्या गडबडीची खूण असू शकते. दगडानं घासून जात नाही, डॉक्टरांना दाखवावी लागते. त्याच काट्यावर दप्तरही ठेवा. ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो. पाण्याची भरलेली बाटलीच एक किलो होते, हे बघितल्याशिवाय कळत नाही.

आपल्या भागात एक गोष्ट वगळून चालत नाही: सिकलसेल. हा रक्ताचा आजार विदर्भात बऱ्यापैकी आहे, तो आईबाबांकडून येतो आणि थंडीत त्रास देतो. मूल सारखं दमत असेल, डोळे पिवळट वाटत असतील, थंडी पडली की हातपाय-सांधे दुखतात म्हणून रडत असेल तर "वाढीच्या वयात दुखतंच" म्हणून सोडू नका. सोल्युबिलिटी नावाची साधी रक्तचाचणी सरकारी दवाखान्यांत होते, आणि ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की चाचणी करतात. नागपुरात डागा रुग्णालयात सिकलसेलसाठी सोय आहे. २०२३ च्या जुलैपासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियानही चालू आहे. निदान झालं असेल तर वर्गशिक्षकांना सांगा: पाणी भरपूर पिऊ द्यावं, थंडीत स्वेटर काढायला लावू नये, भल्या पहाटे धावायला लावू नये. हे सांगायला पालक संकोचतात. पण शिक्षकाला माहीत नसेल तर तो मुलाला कामचुकार समजतो.

पांढुरकं पडलेलं मूल, माती-खडू खाणारं मूल, जिना चढताना धाप लागणारं मूल यांच्या रक्ताची तपासणी करून घ्या. सरकारी आणि अनुदानित शाळांत लोहाची गोळी आठवड्याला मिळते, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. बरीच मुलं ती खिडकीतून फेकतात, एकदा खेळीमेळीनं विचारून बघा. सिकलसेल असलेल्या मुलाला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच. बाकी जेवणाचं म्हणाल तर नागपूरचा हिवाळा स्वतःच डबा भरतो: संत्री, सोले (तुरीचे ओले दाणे), पालक, मुंगन्याच्या (शेवग्याच्या) शेंगा, बोरं. वरणाच्या जेवणासोबत संत्र्याच्या चार फोडी दिल्या तर त्या आंबट फोडींमुळे डाळ-भाजीतलं लोह अंगी जास्त लागतं. चहा मात्र जेवणाला लागून नको. त्यानं उलटं होतं.

डोळ्यांसाठी घरची चाचणी: खोलीच्या दुसऱ्या टोकाहून भिंतीवरचं कॅलेंडर एकेक डोळा झाकून वाचायला लावा. दोन डोळ्यांत फरक आढळला किंवा मूल मान वाकडी करून बघायला लागलं तर तपासणी. फळ्यावरचं दिसत नसल्यामुळे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारी कितीतरी मुलं "गप्पिष्ट" म्हणून शिक्षा भोगतात. रोज दोनेक तास उघड्यावर खेळण्यानं लांबचं न दिसल्यामुळे चष्मा लागायचं प्रमाण कमी होतं. हिवाळ्यात तेवढं सहज जमावं.

झोप थोडक्यात. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास, त्यापुढे आठ ते दहा. चौथीपर्यंतच्या वर्गांची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये असा २०२४ चा शासन आदेश आहे, पण वरच्या वर्गांची व्हॅन अजूनही काळोखात हॉर्न मारते. सहाला उठायचं तर साडेआठ-नऊला दिवे बंद. रात्री दहाची मालिका आणि सहाची व्हॅन एकत्र नांदत नाहीत.

प्रगतिपुस्तक बाजूला ठेवून

अभ्यास बघायचा तर गुणांआधी वह्या उघडा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातलं एक पान आणि ऑक्टोबरचं एक पान शेजारी-शेजारी ठेवा. अक्षर, अर्धवट सोडलेली उदाहरणं, लाल शाईच्या खुणा, तारखांमधली भोकं. ज्या आठवड्यात वही एकदम घसरली, त्या आठवड्यात घरात किंवा शाळेत काय झालं होतं ते आठवा. तापानं पडलं होतं? बाक बदलला? एखाद्या विषयाचे शिक्षक बदलले? गुण घसरल्याचं कारण बहुतेक वेळा अशाच एखाद्या आठवड्यात दडलेलं असतं.

मग वाचन ऐका. मुलानं आधी न वाचलेला उतारा निवडा. पाठ्यपुस्तकातला नको, तो पाठ झालेला असतो. वर्तमानपत्राच्या मुलांच्या पुरवणीतला चालेल. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि किती शब्द बरोबर वाचले ते मोजा. 'निपुण भारत' या राष्ट्रीय अभियानानं दुसरीच्या मुलासाठी मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या मुलासाठी किमान ६० शब्द, तेही समजून, अशी पातळी ठरवली आहे. वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारा, त्यातला एक असा की ज्याचं उत्तर उताऱ्यात थेट लिहिलेलं नाही. भराभर वाचून काहीच न सांगू शकणारं मूल आणि अडखळत वाचून सगळं सांगणारं मूल यांना वेगवेगळी मदत लागते. पहिल्याला गोष्टीवर गप्पा हव्या असतात, दुसऱ्याला रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचायचा सराव. इंग्रजी माध्यमाच्या मुलाचं मराठी वाचनही ऐका. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, तरी जोडाक्षर आलं की सहावीतलं मूलही थबकतं.

गणितासाठी गोकुळपेठच्या बाजारात न्या. पाचशेची नोट, ३४७ रुपयांचा भाजीपाला, परत किती? कागदावर वजाबाकीचे दहापैकी दहा घेणारी मुलं इथे ठप्प होतात, आणि कागदावर रडणारी काही मुलं भाजीवालीच्या आधी "दीडशे आणि तीन" म्हणून मोकळी होतात.

एवढं झालं की प्रगतिपुस्तक घ्या. गुणांपेक्षा वर्णनात्मक नोंदींचा रकाना जास्त बोलतो, पण शिक्षकाकडे वेळ नसला तर तिथे साच्यातली वाक्यं येतात. "सातत्य आवश्यक" म्हणजे नक्की कशात? ही वाक्यं अधोरेखित करून ठेवा, शिक्षकांना भेटताना लागतील.

माणसांची यादी

आता दुसरा भाग. वहीचं कोरं पान घ्या आणि मुलाशी बोलत बोलत तीन याद्या करा.

पहिली मित्रांची. "तुझे मित्र कोण?" असं विचारलं तर मूल वर्गाची हजेरी म्हणतं. त्याऐवजी असं विचारा: मधल्या सुट्टीत डबा कोणाजवळ बसून खातोस? तू शाळेत आला नाहीस तर दुसऱ्या दिवशी "काहून आला नाही बे काल?" असं कोण विचारतं? व्हॅनमध्ये कोणाच्या बाजूची जागा तुला नको असते? या शेवटच्या प्रश्नावर मूल थबकलं तर गप्प राहा, त्याला वेळ द्या. छळवणूक व्हॅनमध्ये, ऑटोत आणि संडासाच्या रांगेत सहज होते. तिथे मोठं माणूस नसतं. डबा न खाता परत येणं, रविवारी संध्याकाळी पोट दुखणं, पेन-पेन्सिली वारंवार हरवणं ही लक्षणं एकत्र आली तर त्याच आठवड्यात शाळेत जा. प्रकरण गंभीर असेल किंवा शाळा ऐकत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो मुलालाही पाठ असू द्या.

दुसरी यादी मोहल्ल्याची. यासाठी नागपुरात दोन हुकमी प्रश्न आहेत. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन तू कोणाकोणाच्या घरी गेला होतास, बोजारा (खाऊ-पैसे) कोणी कोणी दिला? आणि मुलीला: भुलाबाईच्या (भोंडल्यासारख्या गाण्यांच्या) खिरापतीला कोणाकडे गेली होतीस? दहा घरांची नावं आली तर तुमचं मूल वस्तीत रुजलं आहे. "सोसायटीच्या हॉलमध्ये स्पर्धा होती, तिथेच गेलो, बक्षीस मिळालं" एवढंच आलं तर त्याला पाहुण्यासारखं वाढवणं चाललं आहे. मनीषनगर-बेसा भागातल्या नव्या फ्लॅट स्कीममध्ये हे फार दिसतं. महाल-इतवारीच्या जुन्या वाड्यांत उलट तक्रार असते: पोट्ट्यांना ओळखणारी माणसं इतकी की एकही खोडी लपत नाही. मला दुसरी अडचण परवडते.

तिसरी यादी सगळ्यात छोटी. "आई-बाबांचा फोन लागला नाही आणि तुला काही झालं, तर तू कोणाकडे जाशील?" नावं घ्यायला सांगा. तीन ते पाच मोठी माणसं यायला हवीत आणि ती एकाच घरातली नकोत. आजी, वरच्या मजल्यावरच्या काकू, पी.टी.चे सर, व्हॅनवाले काका, कोपऱ्यावरचे किराणावाले भाऊ. एकच नाव आलं किंवा "कोणीच नाही" आलं, तर या वर्षाच्या उरलेल्या महिन्यांचं पहिलं काम तेच, गणिताची शिकवणी नंतर. आलेल्या प्रत्येक नावाबद्दल मुलाला मोकळं वाटतं का, तेही हळूच विचारा. नको असलेला स्पर्श, "आईला सांगू नको" असं म्हणणारा मोठा माणूस, याबद्दलचं बोलणं याच वेळी सहज होतं.

शिक्षकांसोबतची दहा मिनिटं

पालकसभेत रांग असते, तुमच्या वाट्याला दहा मिनिटं येतात, आणि त्यातली सात गुणांवर जातात. गुण तुम्हाला आधीच माहीत आहेत. वही सोबत न्या आणि तीन गोष्टी विचारा. वर्गात हा कधी हात वर करतो आणि कधी मान खाली घालतो? याच्याशी कोणाचं जमतं, कोणासोबत बसवल्यावर बिघडतो? आणि प्रगतिपुस्तकातलं ते अधोरेखित वाक्य: "सातत्य म्हणजे आम्ही घरी नेमकं काय करायचं?"

मग तुमच्याकडचं सांगा. सिकलसेल, चष्मा, आजोबा गेले, बाबांची बदली झाली, घरात लहान बाळ आलं. चाळीस-पन्नास मुलं सांभाळणाऱ्या बाईंना हे कळलं तर त्यांची नजर बदलते. मुलासमोर शिक्षकांची तक्रार आणि शिक्षकांसमोर मुलाची निंदा, दोन्ही टाळा. "घरी फारच त्रास देतो हो, तुम्हीच बघा" हे वाक्य मूल वर्षानुवर्षं विसरत नाही.

पालक संघ आणि फीचा कागद

हा विषय रुक्ष आहे, पण वेळ हीच आहे. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. नावं कागदावरच असतील तर पुढच्या बैठकीची तारीख विचारून तुम्ही स्वतः जा; पाण्याची टाकी, मुलींचं स्वच्छतागृह, पोषण आहार हे विषय तिथे सुटतात. खासगी शाळांत महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानं पालक-शिक्षक संघ बंधनकारक आहे. त्याच्या कार्यकारी समितीवर प्रत्येक इयत्तेचा पालक सोडतीनं निवडतात, आणि पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव शाळेनं सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो. म्हणजे हिवाळ्यातच. एप्रिलमध्ये फाटकाबाहेर घोषणा देण्यापेक्षा आत्ता आपल्या इयत्तेच्या प्रतिनिधीला चहाला बोलावणं फायद्याचं.

तीन-चार घरांची मोट

सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे. २००१ मध्ये विजय बारसे या निवृत्तीच्या वाटेवरच्या क्रीडाशिक्षकांनी नागपुरात झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला, आणि पुढे त्यातले खेळाडू देशाबाहेरच्या मैदानांवर गेले. सुरुवातीला लागलं ते एवढंच: एक मैदान, एक चेंडू आणि ठरल्या वेळेला येणारं एक मोठं माणूस. आपल्या गल्लीत यातल्या दोन गोष्टी आधीच आहेत.

चालत जाता येईल अशा अंतरावरची तीन-चार घरं निवडा. सगळी तुमच्याच शाळेची, तुमच्याच पगाराची नकोत. हिंदी बोलणारं एखादं घर असेल तर उत्तम, पोरं आठवडाभरात दोन्हीकडची भाषा उचलतात. मग आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका घरानं घ्यायची. साडेपाचला मुलं जमतील, तासभर मैदान किंवा गच्ची, मग हातपाय धुऊन अर्धा तास आपापला गृहपाठ एकाच चटईवर. मोठं माणूस शिकवायला बसत नाही, फक्त तिथे असतं. मोठ्या मुलानं धाकट्याला पाढा समजावून सांगावा. त्यात दोघांचंही शिकणं होतं.

नियम आधीच ठरवा, नाही तर महिन्याभरात कुरबुरी सुरू होतात. खाऊ सगळीकडे साधाच: चिवडा, मुरमुरे, केळं. एका घरी पिझ्झा आला की दुसऱ्या आईला घाम फुटतो. मोबाइल-टीव्ही बंद. कोणाच्याही मुलाचे गुण दुसऱ्या घरात विचारायचे नाहीत. मुलं असलेल्या खोलीचं दार उघडं. आजारी मूल येणार नाही, आणि न येणाऱ्याचा निरोप पाचच्या आत. अंडं-मांस, उपवास, नमाज, वंदना यांतलं काय कोणाच्या घरी चालतं ते मोकळेपणानं बोलून घ्या. नोकरीमुळे संध्याकाळी घरी नसलेल्या पालकाला वगळू नका. तो रविवारचा दिवस घेईल.

आजी-आजोबा या व्यवस्थेचा कणा असतात, पण त्यांना गृहीत धरू नका. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना मैदानावर उभं करण्यापेक्षा गोष्ट सांगायला बसवा.

शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपबद्दल एवढंच: रात्री नऊला "आजचा होमवर्क काय आहे?" हा मेसेज तुम्ही टाकला की मूल वहीत लिहून आणायचं थांबतं. गृहपाठ राहिल्याचा फटका त्याला दोनदा बसू द्या.

फेब्रुवारीपर्यंतचा बेत

वहीच्या शेवटच्या पानावर तीनच कामं लिहा: एक शरीराचं, एक अभ्यासाचं, एक माणसांचं. उदाहरणार्थ, नऊला झोप. रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचन. चार घरांची बुधवारची पाळी. यापेक्षा जास्त लिहिलंत तर काहीच होत नाही.

डिसेंबरच्या अधिवेशनात बर्डी, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्च्यांमुळे वळवतात, व्हॅन उशिरा येते. त्या दिवसांत मुलाला कोण उतरवून घेणार ते चार घरांनी आधी ठरवावं. स्नेहसंमेलनाचा पोशाख भाड्यानं आणण्यापेक्षा आपसात फिरवा. ज्या मुलाला नाचात घेतलं नाही त्याला पडद्यामागचं काम मागून घ्या, बाई सहसा नाही म्हणत नाहीत. नाताळाच्या सुट्टीत रमण विज्ञान केंद्र, १८६३ पासूनचा आपला अजब बंगला किंवा कडबी चौकाजवळचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, यांतलं एक ठिकाण चारही घरच्या मुलांना घेऊन. संक्रांतीच्या आधी प्रत्येक घरानं पतंगाची चक्री तपासावी. नायलॉन मांजा बंदी असूनही विकला जातो आणि दरवर्षी गळे कापतो. मुलांनी स्वतः दुकानदाराला "साधा सूत द्या" म्हणायला शिकावं. दुचाकीवर पुढे बसणाऱ्या मुलाच्या गळ्याला त्या दिवसांत जाड मफलर गुंडाळा. सव्वीस जानेवारीला सिताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतात, सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी.

फेब्रुवारीत शिष्यवृत्ती वगैरेची घाई सुरू होईल. १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन, शाळेत गोळी मिळते, त्या दिवशी दांडी नको. त्याच आठवड्यात माणसांची तिसरी यादी पुन्हा विचारा. एखादं नाव वाढलं असेल तर त्या माणसाला एकदा घरी जेवायला बोलवा. कमी झालं असेल तर का, ते मुलाकडून काढून घ्या. उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती तोपर्यंत यायला लागलेल्या असतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा दुपारी मैदानावर नेणारं शिबिर कितीही नावाजलेलं असलं तरी कामाचं नाही. वेळ सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर आहे का, पाण्याची आणि सावलीची सोय काय, आणि चारही मुलांना एकाच तुकडीत घेतील का, एवढं विचारल्यावरच पैसे भरा.